हायड्रोजनची सोडवणूक

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माणसाच्या उंचीची चौकोनी भट्टी आहे. एका बाजूने तिच्यात अमोनिया जातो आणि दुसऱ्या बाजूने हायड्रोजन व नायट्रोजन बाहेर पडतात. शेडमधली माणसं तिला 'क्रॅकर' म्हणतात. क्रॅकरमधून निघालेला वायू थंड होतो, मॉलिक्युलर सीव्हच्या दाण्यांमधून गाळला जातो आणि शेजारच्या लांबलचक भट्टीत शिरतो. त्या भट्टीतून जाळीचा पट्टा सावकाश सरकत असतो. पट्ट्यावर स्टीलचे बोटाएवढे सुटे भाग मांडलेले असतात. तोंडाशी फिकट ज्योतींचा पडदा जळत असतो, म्हणजे बाहेरची हवा आत जात नाही. हायड्रोजन भरलेल्या पोकळीत तापल्यामुळे धातूवर काळी पुटं चढत नाहीत. माल लखलखीत बाहेर येतो. याला 'ब्राइट अॅनिलिंग' म्हणतात आणि अशा भट्ट्या आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये अनेक वर्षं चालू आहेत.

संपादकांनी यंदाचा विषय दिला 'उद्याचं इंधन'. हायड्रोजन हे नाव त्यात येणारच होतं. पण हायड्रोजनवर जे काही बोललं आणि लिहिलं जातं ते बहुतेक तो तयार करण्याबद्दल असतं: सौरऊर्जा, पाण्याचं विघटन, इलेक्ट्रोलायझरच्या किमती. तयार झालेला हायड्रोजन लांबच्या गावी द्रवात बांधून न्यायचा आणि तिथे पुन्हा मोकळा करायचा, ही पुढची पायरी कोणी फारशी समजावून सांगत नाही. ती पाहायला मी आधी इथे आलो. कारण बाकीचं जग ज्याची प्रात्यक्षिकं करतंय, ते इथे पाळीपाळीने, चहाच्या सुट्टीइतक्या सहजपणे चालतं.

भट्टीवरच्या काकांनी एका जुन्या डब्यातून वापरून झालेल्या गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. राखाडी-काळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या, हाताला खरखरीत. सच्छिद्र अॅल्युमिनावर निकेल पसरलेलं. याच गोळ्या धातूच्या नळकांड्यात भरतात, बाहेरून विजेच्या कॉइलने तापवतात आणि त्यांच्यामधून अमोनिया सोडतात. तापमान साडेआठशे ते नऊशे अंश सेल्सिअस. अमोनियाच्या दोन रेणूंमधून नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू सुटतात. एक किलो अमोनियापासून साधारण २.६ घनमीटर वायू मिळतो आणि त्यातला तीन चतुर्थांश हायड्रोजन असतो.

"काम बिघडलं तर कळतं कसं?" मी विचारलं.

"वास आला की समजायचं, साहेब. एक तर भट्टी थंड पडलीय, नाहीतर आतला कॅटॅलिस्ट गेलाय."

या उत्तरात सगळा विषय आला. उष्णता आणि उत्प्रेरक. यातलं एक जरी कमी पडलं तरी अमोनिया अमोनियाच राहतो.

एवढी यातायात कशासाठी

हायड्रोजन हा नेण्या-आणण्याच्या दृष्टीने फार अडचणीचा वायू आहे. नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे ११ घनमीटर जागा व्यापतो. मोटारींच्या टाकीत तो ७०० बारपर्यंत दाबून भरतात. द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि त्यात हायड्रोजनमधल्या ऊर्जेच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज जाते. 'सुइसो फ्रंटियर' या जपानी जहाजाने २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातून कोबे बंदरात द्रव हायड्रोजन आणून दाखवला. टाकीची क्षमता १,२५० घनमीटर. तेलवाहू जहाजांच्या हिशेबात ही टाकी अगदी लहान, आणि तेवढ्यासाठीही निर्वात आवरणाचं खास पात्र बांधावं लागलं.

म्हणून दुसरी वाट: हायड्रोजनला दुसऱ्या एखाद्या रेणूत बांधायचं आणि तो रेणू साध्या टाकीतून न्यायचा. अमोनियाच्या वजनाचा १७.६ टक्के भाग हायड्रोजन आहे. उणे ३३ अंशांना किंवा नेहमीच्या तापमानाला आठ-दहा बार दाबाखाली तो द्रव होतो आणि त्याची जहाजं, टाक्या, नळ सगळं जगभर तयार आहे. दुसरा उमेदवार टोल्यूइन. रंगाच्या थिनरमधला तो उग्र गोडसर वास बहुतेकांच्या ओळखीचा असेल. टोल्यूइनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू जोडले की मिथाइलसायक्लोहेक्सेन तयार होतं. तेल क्षेत्रातली माणसं त्याला नुसतं 'एमसीएच' म्हणतात. हा द्रव दिसायला पाण्यासारखा, उकळतो १०१ अंशांना, आणि पेट्रोलच्या टँकरमधून नेता येतो. मूळ वायूच्या पाचशेव्या हिश्श्याएवढ्या जागेत हायड्रोजन त्यात मावतो.

दोन्ही वाटांत एक मोठा फरक आहे. अमोनियातून हायड्रोजन काढला की उरलेला नायट्रोजन हवेत सोडून देता येतो. टोल्यूइनचं तसं नाही. ते डेअरीच्या कॅनसारखं आहे: भरून येतं, रिकामं परत जातं, आणि कॅन हरवला तर धंदा बुडतो. दर फेरीत थोडं जरी टोल्यूइन मोडलं किंवा जळलं, तर नवं विकत घ्यावं लागतं. उत्प्रेरकाकडून म्हणूनच दोन कामं हवी असतात. हायड्रोजन सोडायचा आणि वाहकाला धक्का लावायचा नाही.

साडेआठशे आणि चारशे

भोसरीतल्या भट्टीचं तापमान ऐकून मला वाटलं होतं, अमोनिया फोडायला एवढी आच लागतच असणार. तसं नाही. ऊष्मागतिकीचा हिशेब सांगतो की, साध्या वातावरणीय दाबाला चारशे अंशांवरच ९९ टक्क्यांहून जास्त अमोनिया फुटायला तयार असतो. तयार असतो, पण फुटत नाही. निकेलवर ती क्रिया फार सावकाश चालते. वरचे साडेचारशे-पाचशे अंश केवळ निकेलला वेग यावा म्हणून खर्च होतात. ही दरी बुजवणं हेच आजच्या अमोनिया-उत्प्रेरक संशोधनाचं काम आहे.

पृष्ठभागावर काय घडतं ते पाहू. अमोनियाचा रेणू धातूवर येऊन टेकतो. त्याचे तीन हायड्रोजन एकेक करून सुटतात, जोड्या जमवून निघून जातात. मागे नायट्रोजनचा एकटा अणू उरतो आणि तो धातूला घट्ट चिकटून बसतो. असे दोन नायट्रोजन एकमेकांना भेटून रेणू होऊन उडाले, तरच जागा रिकामी होते. लोखंड नायट्रोजनला फार घट्ट धरतं, जागा अडून राहतात. तांबं इतकं सैल धरतं की, मुळात अमोनियाच नीट मोडत नाही. रुथेनियमची पकड मधली आहे. म्हणून आज ज्ञात असलेल्या एकट्या धातूंमध्ये कमी तापमानाला तोच सगळ्यांत पुढे आहे. पकड फार घट्ट नको, फार सैल नको, हे तत्त्व फ्रान्समधल्या तुलूझच्या पॉल साबात्ये यांच्या नावाने ओळखलं जातं. बारीक निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या पद्धतीसाठी १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्याच पद्धतीने तेलाचं वनस्पती तूप होतं. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३० च्या दशकापासून ते बनू लागलं आणि पुढे घराघरांत डालडाचे डबे आले. हायड्रोजन जोडण्याची ही विद्या आपल्या स्वयंपाकघरात तीन पिढ्या मुरलेली आहे. सोडवण्याची विद्या अजून कारखान्याच्या उंबऱ्यावर आहे.

रुथेनियमच्या कणांतही सगळे अणू सारखे नसतात. सपाट भागावरचे अणू फारसं काम करत नाहीत. कणाच्या पायरीवर, पाच अणू विशिष्ट रीतीने जवळ आलेले असतात तिथे क्रिया वेगाने होते. कण फार मोठा झाला की अशा जागा कमी, फार लहान झाला तरीही कमी. म्हणून काही नॅनोमीटरचा ठरावीक आकार साधावा लागतो. मग त्यावर पोटॅशियम किंवा सीझियम थोडंसं पसरतात. ते धातूला इलेक्ट्रॉन पुरवतात आणि नायट्रोजनचा पाय लवकर सुटतो.

हे सगळं कसं तपासतात ते पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाहिलं. उभ्या भट्टीत बोटाएवढ्या जाडीची क्वार्ट्झची नळी. तिच्यात क्वार्ट्झच्या लोकरीच्या दोन बोळ्यांमध्ये चिमूटभर काळी पूड, काहीशे मिलिग्रॅम. वरून मोजून वायू सोडायचा, खालून निघालेला गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये द्यायचा, पडद्यावर एकामागून एक शिखरं उमटताना बघत बसायचं. रात्रपाळीला एक विद्यार्थिनी वहीत तापमान टिपत होती. तिच्या मते पहिल्या तासाचा आकडा सगळ्यांचाच चांगला येतो. शंभराव्या तासाला काय येतं ते महत्त्वाचं. कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, आधाराची छिद्रं बुजतात, वेग घसरतो. आणि शंभर तास म्हणजे चार दिवस. कारखान्याला उत्प्रेरक दोन-तीन वर्षं टिकलेला हवा असतो.

रुथेनियमची खरी अडचण त्याच्या मिळण्यात आहे. तो मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघतो. मागणी वाढली म्हणून तेवढ्यासाठी कोणी नवी खाण खणत नाही. त्यामुळे लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांच्या जोड्या जमवून पाहणं जगभर चालू आहे. एक धातू नायट्रोजनला जास्त धरणारा, एक कमी धरणारा, म्हणजे दोघांची मिळून मधली पकड. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत बीएएसएफमध्ये आल्विन मिटाश यांनी अमोनिया बनवण्याचा उत्प्रेरक शोधताना हजारो नमुने तपासले आणि शेवटी स्वीडनमधल्या एका लोहखनिजातून वाट सापडली. पण बनवण्यासाठी जो सर्वोत्तम, तो फोडण्यासाठी सर्वोत्तम असेलच असं नाही. फोडताना पृष्ठभागाभोवती अमोनियाची गर्दी वेगळी असते आणि पकडीचा नेमका बिंदूही सरकतो. मिटाश यांची वही इथे फार उपयोगी पडत नाही.

प्लॅटिनमला गंधकाची मात्रा

टोल्यूइनची वाट जपानने जिद्दीने चालवली. कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये टाउबे यांच्या गटाने एमसीएचमधून हायड्रोजन काढून त्यावर ट्रक चालवून पाहिला होता. कॅनडातल्या जलविद्युतेचा हायड्रोजन युरोपात नेण्याच्या युरो-क्वेबेक प्रकल्पातही एमसीएचचा विचार झाला. दोन्ही ठिकाणी गाडं पुढे गेलं नाही. एक कारण असं की, हायड्रोजन सोडवणारा उत्प्रेरक टिकत नव्हता.

एमसीएचमधून हायड्रोजन काढण्यात प्लॅटिनम निष्णात आहे. रेणू कणावर आडवा पडतो, कार्बन-हायड्रोजनचे सहा बंध एकामागून एक सुटतात आणि कडी पुन्हा टोल्यूइनची होते. पण तापमान साडेतीनशे ते चारशे अंशांच्या घरात असतं. प्लॅटिनमच्या कणाच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर बसलेल्या अणूंना शेजारी कमी असतात, त्यामुळे ते जास्त आक्रमक असतात. ते नुसता हायड्रोजन काढून थांबत नाहीत, कार्बन-कार्बन बंधही तोडतात. मग मिथेन होतो, बेंझीन होतं, आणि तुकडे एकमेकांना जुळून काजळी धरते. काजळीने कण झाकला की काम संपलं.

योकोहामाच्या चियोदा कंपनीत योशिमी ओकादा आणि सहकाऱ्यांनी यावर जो इलाज केला तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गंधक हे प्लॅटिनमचं विष समजलं जातं. तेलशुद्धीकरणात इंधनातून ते आधी काढूनच टाकतात. या मंडळींनी उत्प्रेरकाला गंधक मुद्दाम थोडंसं दिलं. ते आधी जाऊन बसतं कडा-कोपऱ्यांवरच्या आक्रमक अणूंवर. तिथली तोडफोड थांबते आणि सपाट भागावरचे अणू शांतपणे हायड्रोजन सोडत राहतात. प्लॅटिनम वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, कण एक-दोन नॅनोमीटरचे, आणि त्यावर विषाची नेमकी मात्रा. २०१३-१४ मध्ये योकोहामाच्या चाचणी-संयंत्रात हा उत्प्रेरक सुमारे १०,००० तास चालवून दाखवला गेला. हायड्रोजन सोडलेल्या एमसीएचपैकी ९९ टक्क्यांहून जास्त भागाचं टोल्यूइनच झालं.

पुढचं पाऊल समुद्रावरचं होतं. चियोदा, मित्सुबिशी, मित्सुई आणि एनवायके या चार कंपन्यांनी संघ स्थापन केला. ब्रुनेईमध्ये टोल्यूइनला हायड्रोजन जोडायचा, एमसीएच टँक-कंटेनरमध्ये भरून साध्या कंटेनर जहाजाने सुमारे ५,००० किलोमीटरवरच्या कावासाकीला न्यायचं, तिथे हायड्रोजन सोडवायचा आणि टोल्यूइन परत पाठवायचं. २०२० मध्ये ही साखळी पूर्ण झाली. कावासाकीत सुटलेला हायड्रोजन वीजकेंद्राच्या गॅस टर्बाइनमध्ये जाळला गेला. वर्षाला जास्तीत जास्त २१० टन एवढी क्षमता. ब्रुनेईतला हायड्रोजन नैसर्गिक वायूच्या उद्योगातून आलेला होता, तो हरित नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. तपासायची होती ती वाहतूक आणि उत्प्रेरक. ते दोन्ही उतरले.

उष्णतेचं बिल

एक गोष्ट मात्र कोणताही उत्प्रेरक करू शकत नाही. तो वेग वाढवतो. लागणारी एकूण उष्णता कमी करत नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये वापरता येईल अशी ऊर्जा सुमारे ३३ युनिट असते, आपल्या विजेच्या बिलात येतात तीच युनिटं. एमसीएचमधून एक किलो हायड्रोजन सोडवायला किमान ९ युनिटांहून थोडी जास्त उष्णता घालावी लागते. म्हणजे चवथ्या हिश्श्याहून अधिक. अमोनियाला ४ युनिटांच्या आसपास. जर्मनीत एर्लांगनची हायड्रोजिनियस कंपनी बेंझिलटोल्यूइन नावाचं उष्णतावाहक तेल वापरते. ते सहज पेट घेत नाही आणि हाताळायला सोपं आहे, पण उष्णतेचा हिशेब तिथेही एमसीएचच्याच जवळपास येतो.

त्यात एक दैवदुर्विलास आहे. हायड्रोजन जोडताना तेवढीच उष्णता बाहेर पडते. ब्रुनेईत ती नकोशी असते आणि कावासाकीत हवीशी. उन्हाळी प्रदेशात, सौरऊर्जेच्या शेजारी ती वाया जाणार. थंड, गर्दीच्या औद्योगिक शहरात ती विकत घ्यावी लागणार. शिवाय एमसीएचच्या एका रेणूचे चार रेणू होतात, त्यामुळे दाब वाढवला की क्रिया मागे रेटली जाते. हायड्रोजन कमी दाबाला निघतो आणि मग तो दाबायला पुन्हा वीज लागते.

उत्प्रेरकाचं महत्त्व यामुळे कमी होत नाही, त्याची जागा नेमकी कळते. चारशे अंशांना चालणारी क्रिया तीनशेला आणली, तर जी उष्णता आज चिमणीतून जाते ती वापरता येईल. ८५० अंश देणारी टाकाऊ उष्णता फारच थोड्या ठिकाणी मिळते; तीनशे-चारशेची पोलादाच्या, सिमेंटच्या, काचेच्या कारखान्यांत भरपूर असते. बिल तेवढंच, पण ते उधळलेल्या पैशातून भागतं.

दहा कोटींत दहा

इंधनघटाच्या (फ्युएल सेलच्या) मोटारीत घालायचा हायड्रोजन किती शुद्ध हवा, याचा आंतरराष्ट्रीय मानदंड आहे. अमोनिया ०.१ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे दहा कोटी रेणूंमागे दहा. कार्बन मोनॉक्साइड ०.२ पीपीएम. इंधनघटातला पडदा आम्लधर्मी असतो. अमोनिया त्याच्या आम्ल जागा पकडून बसतो आणि वीज घसरते. भोसरीत नाकाला न येणारा अमोनियाही इंधनघटाला पुष्कळ होतो. म्हणून क्रॅकरनंतर शुद्धीकरणाची वेगळी रांग लागते, आणि तिच्यात थोडा हायड्रोजन वाया जातोच. भट्टीत किंवा टर्बाइनमध्ये जाळायचा असेल तर एवढा सोवळेपणा लागत नाही.

मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल या वाहकांचं दुखणं कार्बन मोनॉक्साइडचं. मिथेनॉल पाण्याच्या वाफेबरोबर तांबं-जस्ताच्या उत्प्रेरकावरून २५० ते ३०० अंशांना नेलं की हायड्रोजन सुटतो, पण मोनॉक्साइडही डोकावतो. जर्मनीत रोस्टॉकला माथियास बेलर यांच्या गटाने २०१३ मध्ये रुथेनियमच्या विद्राव्य संयुगाने हे काम शंभर अंशांच्या आत करून दाखवलं. त्याआधी त्यांनी आणि लोझानच्या गाबोर लॉरेन्सी यांनी फॉर्मिक आम्लातून सौम्य तापमानाला हायड्रोजन काढला होता. रसायन म्हणून हे फार देखणं काम आहे. पण फॉर्मिक आम्लात वजनाने हायड्रोजन जेमतेम ४.४ टक्के. जहाजभर नेण्याचा तो माल नव्हे. लहान जनित्रासाठी ठीक.

थळ

अलिबागजवळ थळला आरसीएफ या खत कंपनीचा अमोनिया कारखाना आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच्या शेजारी जड पाण्याचा कारखाना आहे. आरसीएफच्या वायूतल्या हायड्रोजनमध्ये दर काही हजार अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. तो द्रव अमोनियात गोळा करतात, आणि समृद्ध झालेला अमोनिया क्रॅकरमध्ये फोडून वायू पुन्हा फिरवतात. अणुभट्ट्यांसाठीच्या या प्रक्रियेमुळे कोकणच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात अमोनिया फोडण्याचं कसब १९८० च्या दशकापासून आहे. आज युरोपातली बंदरं ज्या क्रॅकरच्या योजना आखतायत, त्यांच्यासाठी लागणारा अनुभव आपल्या घरात आहे. हायड्रोजनच्या चर्चेत थळचं नाव मी अजून ऐकलेलं नाही, आणि ते यायला हवं.

उत्प्रेरक प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्याचाही आपल्याला अनुभव आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला 'एन्सिलाइट' हा झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत झायलीन बनवण्यासाठी चालला. म्हणजे हे काम आपल्याच्याने होणार नाही, असं म्हणायला जागा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. भारतात हरित अमोनिया आधी खतासाठी, अमोनिया म्हणूनच वापरावा. आज आपण अमोनिया आयात करतो आणि इथे बनतो तो बहुतांशी नैसर्गिक वायूपासून. तो फोडून हायड्रोजन काढणं म्हणजे बांधलेली गाठ पुन्हा पैसे देऊन सोडणं. जिथे दुसरा इलाज नाही आणि टाकाऊ उष्णता हाताशी आहे, अशाच ठिकाणी ते करावं. पण त्या ठिकाणांसाठी उत्प्रेरक आपला असावा, आणि तो रुथेनियमवाचून चालणारा असावा.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजन उत्पादनाच्या प्रोत्साहनासाठी. संशोधनासाठी ४०० कोटी, म्हणजे शंभरातले दोन. साठवण, वाहतूक, सोडवणूक आणि उत्प्रेरक या सगळ्यांची वाटणी त्या दोनांतच होणार. रात्रपाळीत वही भरणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रयोग शंभर तासांवर थांबतो तो कल्पना संपली म्हणून नव्हे. पुढच्या दहा हजार तासांचा वायू, वीज आणि माणसं यांचा खर्च कोणी उचलत नाही म्हणून. आरसीएफच्या थळ किंवा ट्रॉम्बेच्या आवारात, खऱ्या अमोनियाच्या नळावर, विद्यापीठांना आणि प्रयोगशाळांना आपले उत्प्रेरक वर्षभर चालवून पाहता येतील असं एक सामायिक चाचणी-केंद्र सरकारने उभारावं.